नंतर आठवण करा

रोज शटर वर गेलं की
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तो येऊन उभा राहतो,
निळा, अदबशीर, भिशीच्या वसुलीवाल्यासारखा.
आत्ता करायचं, की नंतर आठवण करू?
नंतर, मी म्हणते,
आणि प्रिंटरवरचं फडकं झटकते.

दहीपुलाजवळच्या बोळात साडेसहा बाय नऊचा गाळा.
पत्रिका, बारसं, वास्तुशांत, दहाव्याची कार्डं.
दहाव्याची अर्जंट, दोन तासांत, प्रूफ न दाखवता.

ओवेसने मशीनच्या पोटात टॉर्च मारला.
"मावशी, ही पात्रच नाही नव्या सिस्टीमला."
पात्र नाही.
इतक्या पत्रिका जुळवल्या मी,
नाकारलेलं स्थळ कसं दिसतं ते ऐकून आहे:
पोहे अर्धे उरतात
आणि कुणीतरी उगाच पंख्याकडे बघतं.
मी पंख्याकडे बघितलं.

"रॅम वाढवली, डिस्क बदलली तर बसेल तशी.
फक्त तुमचे जुने फाँट जातील."
फक्त.
त्याने त्याच्या लॅपटॉपवर माझी एक फाइल उघडली,
चांदोरीच्या टर्ल्यांचं लग्न, नव्याण्णव साल.
चौकोन, चौकोन, टोपी घातलेली रोमन अक्षरं,
मधेच एक पौंडाचं चिन्ह.
नवरदेव कोण, नवरी कोण,
कुठल्या मामाचं नाव राहिलं म्हणून मांडवात रुसवा झाला,
काही म्हणजे काही लागेना.
गणपती तेवढा शाबूत.
तो चित्र होता.

माझी बोटं ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, मग अक्षर.
एकतीस वर्षं.
नव्यात म्हणे अक्षर आधी,
वेलांटी मागून येते आणि आपली आपण पुढे जाऊन बसते.
शिकाल आठ दिवसांत, ओवेस म्हणतो.
शिकेन.
पण त्याच्या लॅपटॉपवर 'चि.' लिहायला गेले
तर बोट हवेतच थांबलं,
चपला घालून देवघरात शिरताना थांबावं तसं.

दोन हजार आठला बोळात पाणी आलं तेव्हा
सीपीयू कडेवर घेऊन मी जिना चढले होते,
वायरी लोंबत होत्या,
खालून कल्हईवाला ओरडत होता, गल्ला घ्या, गल्ला!
गल्ला राहिला.

परवा देवयानी टर्ले आली, स्वतःच्या लग्नाची.
छापायची नाही, म्हणाली, मोबाइलवरच पाठवायची.
मी हो म्हटलं. आता काय.
जाता जाता वळली:
"काकाच्या पत्रिकेत खाली माझं नाव होतं म्हणे?"
मी जुनी डिस्क घरघरू दिली.
ती पंखा बंद करायला लावते, मग हळूहळू उघडते.
आणि तळाशी, तिरप्या अक्षरांत,
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!
चिमुकली देवयानी.
'हं'वरचं टिंब जरा उजवीकडे सरकलेलं,
तेव्हाही सरकलेलंच होतं, मला दिसलं नव्हतं.
तिने पडद्याचा फोटो काढला.
पैसे किती, विचारलं.
याचे कसले पैसे.

संध्याकाळी ओवेसला फोन केला.
दोन्ही ठेवता येतात का रे, एकाच डब्यात?
"येतात की. चालू करताना दर वेळी विचारेल, कुणीकडे जायचं."
दर वेळी?
"दर वेळी."
घाटावरचा दुतोंड्या मारुती आठवला,
आणि हसूच आलं, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते.

आज दुपारी त्याने सुरू केलंय.
मी आधी सगळं तीन ठिकाणी उतरवून घेतलं,
एक प्रत डाळीच्या डब्यातसुद्धा.
पट्टी भरतेय, खाली आकडा.
ओवेस नमाजाला गेलाय, बटणाला हात लावू नका म्हणून.
बावीस टक्के.
नाशिकच्या माणसाला टक्के कळत नाहीत पुराचे,
मारुती कुठवर बुडाला ते विचारतो.

गुडघ्यापर्यंत.
मी स्टुलावर पाय वर घेऊन बसलेय.