एक्केचाळीस सतरा, एकोणतीस शहाऐंशी

क्रँककेसची डावी बाजू कामठीच्या भंगारात मिळाली,
चुन्याच्या पोत्याखाली.
उजवी मंगळवारी बाजारात.
एक माणूस तिच्यात खिळे ठेवून विकत होता,
खिळ्यांसकट घ्या म्हणाला.
घेतली.

गोळीबार चौकात पराते मिस्त्रींनी दोन्ही पालथ्या घातल्या
आणि बुडाचे आकडे चष्म्याशिवाय, बोटानं वाचले.
"ह्या दोघीईची ओळखपाळख नाई, साहेब.
कारखान्यात जोडूनच बोरिंग होते, एका दमात.
म्हून जोडीले नंबर एक."

बोल्ट सैल असले की क्रँक फिरायचा.
आवळले की अडायचा.
मी आणखी आवळायला गेलो तर त्यांनी पाना काढून घेतला.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
तरी डायल लावताना त्यांनी कूलर बंद केला,
त्याच्या थरथरीनं काटा खोटं बोलतो म्हणून.
घाम पुसायचा नाही, हलायचं नाही, बघायचं:
नऊ थाऊ.
केसाच्या तीनपट, त्यांनीच सांगितलं.

त्यांचे वडील मागावर ताणा सांधायचे,
सरत्या धाग्याला नवा धागा,
राखेच्या बोटांनी पीळ देत, दोन दोन हजार.
"त्याहीले मशीन आवडे नाई," एवढंच म्हणाले,
आणि निळी शाई लावून
जिथं जिथं चमकलं तिथं तिथं खरवडत बसले.
एकवीस दिवस. मग उजवीत बुश ठोकून
दोघींना एकत्र बांधून
एकाच दमात बोरिंग.

शेवटी मी हळूच म्हटलं,
उजवीचा नंबर घासून डावीचाच ठोकता येईल का?
पुण्याचे लोक वाकून बघतात.

बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी पंच काढले,
चार, एक, सात,
फडक्यानं पुसले,
परत ठेवले.

"इंजिनाले वाचता येत नाई.
पर माह्यानंतर जो कोनी हे खोलन,
त्याले समजलं पाह्यजे का इथं जोड हाय."

पाचव्या किकला सुरू झाली.
आता रोज सकाळी खालच्या वर्तमानपत्रावर
तेलाचा एक थेंब असतो,
बरोबर दोन आकड्यांच्या मधल्या शिवणीखाली.
फोन केला तर म्हणाले, "एकच ना?"
एकच.
"मंग राहू द्या."

आणि ते खिळे अजून आहेत का, विचारलं.
भिंतीवर कॅलेंडर लावायचं होतं.