विनंती थांबा

साळूबा म्हस्के पहिल्यांदा बोलला तो माइक माझा.
ताज साऊंड सर्विस, कादराबाद, जालना.
दोन कर्णे, एक मशीन,
आणि वायर इतक्यांदा जोडलेली
की चिकटपट्टी जास्त, वायर कमी.
गणपतीचे दिवस. ऑर्केस्ट्राची गाडी अंबडला पंक्चर.
अध्यक्ष म्हणाला, हनीफभाई, काहीतरी वाजवा,
तेवढ्यात हा चढला.
पायात मिलचे बूट, भुवया अर्ध्या जळालेल्या.

सळईच्या मिलमध्ये होता, रात्रपाळी.
लाल सळई सुटून येते,
चिमट्यानं तिचं तोंड धरायचं, वळवून पुढच्या रोलात द्यायचं.
तिथं माणसाला माणूस ऐकू येत नाही.
"पाणी दे" हे भुवईनं सांगायचं,
"मुकादम यायलाय" हे नाकानं,
"मागं सर, मरशील" हे सगळ्या अंगानं.
अकरा वर्षं.
म्हणून माइक हातात आला तर काय बोलावं कळेना.
त्यानं मुकादमाचं नाक केलं.
मांडव फुटला हसून.
मी आवाज वाढवायला गेलो,
वाढवायला आवाजच नव्हता.

मग बोलू लागला, अन् थांबेचना.
मोसंबीच्या बागेत लपलेला तलाठी,
सासरवाडीला उलटा जाणारा टमटम.
मंठा, परतूर, घनसावंगी,
बारसं, जत्रा, पतसंस्थेचा वर्धापनदिन.
नारळ, टॉवेल, कधी तीनशे एक.
विनोदाच्या आधी तो गप्प व्हायचा.
मी बटणावर बोट ठेवून मोजायचो, एक, दोन, तीन,
चारला लोक हसायचे.
पाचवर गेला तर समजायचं, घरी भांडून आलाय.
मी त्याला विनंती थांबा म्हणायचो.
नुसता हात केला की हशा उभा.

पुण्याला नेलं स्पर्धेला.
"मी सांगायलोय" म्हणाला, तिथंच हसले.
विनोद अजून दीड मिनिट लांब होता.
परतीच्या एसटीत म्हणाला,
"हनीफ, हे लोक माझ्या क्रियापदाला हसायलेत बे."
नगरपर्यंत गप्प. नगरला भजी खाल्ली,
भज्यांचंही काही बोलला नाही.

पण मागच्या रांगेत एक बाई बसली होती.
तिनं सिनेमात घेतलं.
निर्माता म्हणाला, नाव समीर करा.
हा म्हणाला, करा, पैसे साळूबाच्या खात्यावर टाका.
काम बापाचं. सरकारी दवाखान्यात
पोराचं प्रेत ओळखायला आलेला बाप.
कागदावर सोळा वाक्यं होती.
बाईनं रोज दोन-दोन खोडली.

जालन्यात सिनेमा लागला तेव्हा अख्खी रात्रपाळी आली.
साळूबा पडद्यावर दिसला, शिट्ट्या.
नुसता चालला, तरी हशा.
शिपायानं चादर उचलली.
साळूबा थांबला.
मी खुर्चीच्या दांडीवर बोट ठेवलं.
एक, दोन, तीन.
चार.
मागं कुणीतरी सवयीनं हसलं, एकटंच,
मग खोकल्यासारखं केलं.
पाच. सहा.
त्याची भुवई हलली. मिलमधली.
मागं सर, मरशील.
टॉकीजला नसेल कळालं,
रात्रपाळीच्या रांगेला कळालं.
नऊवर मी मोजणं सोडलं.

आता सात सिनेमे झाले. सातही बाप.
"माझे पोरं लई मरायलेत हनीफ,"
फोनवर म्हणाला मागं एकदा,
आणि मी हसलो, तर तो नाही हसला,
किंवा हसला असेल, रेंज नव्हती.

परवा भाचीच्या लग्नाला आला.
पोट सुटलंय. भुवया आल्यात पूर्ण.
लोकांनी आग्रह केला, मी माइक दिला,
नवा, बिनवायरचा.
तो मांडवाकडं बघत उभा राहिला, गप्प.
पुढच्या ओळीतल्या बायांनी पदर डोळ्याला लावले.
"अबे, जेवून घ्या," साळूबा म्हणाला,
"वांगं संपायलंय."
तेव्हा कुठं हसले.

मी मोजलं होतं.
चारलाच.