डावीकडून

मोलगीच्या स्टँडवर एस.टी. वळून गेली
आणि पाठीवरची सॅक एकदम खरी झाली.
चौदा किलो. त्यात पाणी पाच लिटर,
कळण्याच्या भाकऱ्या, लसणाची चटणी,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत बाबांचा नकाशा,
घडीघडीवर विरलेला.

बाबा तळोद्याला मोजणी खात्यात चेनमन.
साहेब सावलीत बसून रेघा ओढत,
साखळी घेऊन कड्यावर बाबा जात.
नकाशाच्या कडेकडेनं त्यांचं शिसपेन्सिलीतलं अक्षर :
पाणी?
सालईपासून डावीकडून.
इथं जाऊ नये.
का, ते लिहिलेलं नाही.

सोबत ठुमला वसावे, माझ्याच कॉलेजात भूगोल शिकवणारा.
त्याचं गाव दोन धारा सोडून पलीकडे,
म्हणजे हा डोंगर त्यालाही परका.
तसं त्यानं आधीच सांगून टाकलं :
‘मला वाटाड्या समजू नका, मॅडम.’

दुपारपर्यंत धार सोडली नाही.
नकाशातल्या रेषा एकमेकींना चिकटल्या
की पोटऱ्यांना आधी कळत होतं.
फोनमधला निळा ठिपका
दमलेल्या शेळीसारखा बसला एका जागी
तो उठलाच नाही.

सालई मात्र सापडली.
कागदासारखी साल सुटलेली, खाली दोन नाळा.
आम्ही डावी धरली.
तासभर मुरूम, घसारा, करवंदीची जाळी,
मग नाळ सरळ हवेत संपली.
खाली चाळीस फूट कोरडा धबधबा,
त्याच्या तळाशी एक मोर, आमच्याकडे न बघणारा.

परत वर. सालईखाली भाकरी.
बाबा चुकले, असं मी मोठ्यानं म्हणाले
आणि म्हटल्यावर घशात चटणी अडकली.

ठुमला नकाशा गुडघ्यावर घेऊन गप्प होता.
मग म्हणाला, ‘डावीकडून खरं,
पण जाणाऱ्याच्या की येणाऱ्याच्या?’

जाताना हातांत साखळी असायची.
दोन्ही हातांत. वीस मीटर लोखंड.
लिहायला हात मोकळा मिळायचा
तो काम आटपून
घराकडे वळल्यावर.

मी नकाशा उलटा धरला.

त्यांचा उतार मग आम्ही चढलो.
उजवी नाळ, तिच्यातून तिरपी पायवाट,
अंजनाच्या मुळांना धरत, खिंडीत.
जिथं जिथं पाय ठेवला
तिथं एक पाऊल माझ्या समोरून येत होतं,
आमच्या घराकडे.

संध्याकाळी ‘पाणी?’पाशी पोचलो.
वाळू कोपरापर्यंत उकरली. ओल लागली, थेंब नाही.
उरलेलं सव्वा लिटर दोघांत वाटलं.
खोडरबर होता माझ्याकडे.
प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं,
शेजारी लिहिलं : चैत्र. नुसती ओल. उत्तरेला जाताना.

सकाळी ‘इथं जाऊ नये’ समोर आलं.
एक साधी सपाट जागा, गवत,
मधोमध मोहाचं एकच झाड, खाली फुलांचा सडा.
आम्ही बराच वेळ उभे राहिलो.
मग वळसा घेतला. दीड तासाचा.
ठुमलानंही विचारलं नाही, का.