परिपत्रक क्रमांक नऊ

न्यासालँड, १९१८

झोम्ब्याहून कागद आला.
मी दुभाषा. आंब्याखाली उभा राहून वाचला:
आजाऱ्यास वेगळ्या खोलीत ठेवावे,
खिडक्या रात्रंदिवस उघड्या असाव्यात.

चेवात खिडकीला शब्द आहे, झेनेरा.
पोर्तुगीजांबरोबर आला कधीतरी,
शब्दच तेवढा आला.
म्वालवेनीनं आपल्या गोल झोपडीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"दार आहे एक. चालेल?"
तसं कागदात काही नव्हतं.

लढाईवर ओझी वाहून परतलेली पोरं
आधी खोकली. मग त्यांच्या आया.
साहेबानं क्विनीनची एक बाटली धाडली,
तीन गावांत मिळून;
पोचपावती मात्र तीन प्रतींत.

आमच्यात माणूस गेलं की छप्पर उतरवतात.
डिसेंबरात टेकडीवरून पाहिलं
तर अर्धं गाव आभाळाला उघडं,
हवा खेळती,
परिपत्रकात म्हटल्याप्रमाणे.

जानेवारीत झोपडीकर.
भिंती उभ्या होत्या, म्हणून मोजल्या.
नासिबेको पुढं आली, कडेवर जावेचं पोर.
"ही कुणाच्या नावावर लिहिली?"

साहेबानं विचारलं, काय म्हणते?
मी म्हणालो,
पाऊस कधी थांबेल, विचारते आहे.