अंजन, नग पन्नास

मागणीपत्रात मीच लिहिलं होतं: अंजन, नग पन्नास.
मंद्रूपच्या माळावर लावायचं होतं.
मुरूम फोडून खाली जाणारं,
कुऱ्हाडीची धार मोडणारं,
आणि पानं दोन-दोन जोडीनं,
शेळीच्या खुराच्या ठशासारखी.

टेम्पो उतरला तेव्हा चन्नव्वानं एक पान खुडलं.
जाड, चकचकीत, एकटं.
"ह्ये कमरा नव्हं," ती म्हणाली. "ह्ये ब्यारे."

ब्यारेच होतं. घाटातलं झुडूप,
धुक्यात वाढलेलं. तिथं त्यालाच अंजन म्हणतात.
साताऱ्याच्या बाबूनं काही चुकवलं नव्हतं.
मीही नाही.

आमच्या वर्गात तीन मल्लिनाथ.
हत्तुरे गुरुजी हजेरीला गाव जोडायचे:
मल्लिनाथ बोरामणी, मल्लिनाथ मुस्ती,
आणि मी मल्लिनाथ नुसताच,
कारण शाळा माझ्याच गावात होती.
एकदा मुस्तीवाल्याचा मार मी खाल्ला.
कळल्यावर गुरुजी म्हणाले, राहू दे,
पुढच्या वेळी वळता करून घेऊ.

तसं इथं कुणाचं नाव एकट्याचं आहे?
लिंब म्हटलं की आमच्याकडं सावली,
पुण्याच्या वहिनीला सरबत.
दसऱ्याला चन्नव्वा बन्नी देते,
साखर पेठेतले गुंडेटी जम्मी देतात,
पाला एकाच झाडाचा.
मी देतो तो आपटा, झाडच वेगळं,
आणि बाजारातल्या आपट्यात निम्मा कांचन.
सगळं सोनंच.
त्या दिवशी कुणी कसाला लावत नाही.

पन्नासातली एकोणपन्नास मे महिन्यानं नेली.
पत्र धाडलं. उत्तर आलं,
मागणीप्रमाणे पुरवठा केला आहे.

एक राहिलं, गळक्या नळामागं,
चन्नव्वाच्या ओल्या पोत्याच्या आडोशाला.
सहाव्या वर्षी, परवा,
त्याच्या उघड्या काडीला निळं फुटलं.
निळं म्हणजे
चादरीच्या कारखान्यात रंगाचा हौद धुतला की
आमच्या गल्लीतून वाहायचं ना, तसलं.
माळावर असं काही येत नाही.
चन्नव्वा बादली ठेवून बघत बसली,
नळ तसाच चालू.

पत्र्याची पट्टी घेतली. लिहिलं: अंजन.
"पुढं गाव लिव्ह की," ती म्हणाली,
"न्हाईतर पुन्हा घोळ."

म्हटलं, नको.
नुसतंच राहू दे.