पत्ता सांगा

चार नर्सिंग होम, एक बजाज स्कूटर,
पायाशी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात
जहाजाचं नाव, निम्मं पुसलेलं.
विजयकर डॉक्टर जिना चढायचे पाय फाकवून,
जणू आमचा टिळक रोडचा जिना
कधीही एका अंगाला कलेल.

मी थिएटरची मावशी. ट्रे उकळायचे, फरशी पुसायची.
घरी जाताना पेशंट सर्जनचे पाय धरत,
पेढ्यांचा पुडा सर्जनच्या टेबलावर.
विजयकरांना कोण ओळखणार?
त्यांना पाहिलेला माणूस मिनिटभरात झोपलेला.

शंभरपासून उलटे मोजा, असं ते कधीच म्हणाले नाहीत.
म्हणायचे, घरचा पत्ता सांगा. सावकाश.
आणि दुधासारखं औषध शिरेत उतरताना
माणसं सांगत राहायची:
शुक्रवार पेठ, शिंदे आळी, वखारीच्या...
धनकवडी, शेवटचा स्टॉप, तिथून डावीकडे जी...
भोरच्या एक आजी नुसतं 'टाकीखाली' म्हणाल्या
आणि गेल्या.
म्हणजे झोपल्या. त्या खोलीत शब्द जपून वापरावे लागतात.

उरलेला पत्ता ते जागं करताना मागायचे,
कपाळावर दोन बोटं टेकवून: "वखारीच्या पुढे?"
"मागे," पेशंट घोगऱ्या आवाजात. "वखारीच्या मागे."
मग पेटी बंद. मग पुढचं नर्सिंग होम.
दुपारी एकनंतर रस्ता ओस पडला की म्हणायचे,
हे गाव रोज झोपतं, मावशी, आणि मला बोलावत नाही.

एकदा लाइट गेले, पोट उघडं असताना.
सर्जन टॉर्चला शिव्या घालत होते.
हे काळा फुगा हाताने दाबत बसले, चाळीस मिनिटं,
आणि दर दाबाला एकेक वाक्य, हळू, मला:
कारवारच्या पुढे होतो. खलाशाचं अपेंडिक्स.
डॉक्टर मी एकटा. कापायला मी,
झोपवायला कोण?
ईथर पेटतं, म्हणून भटारखाना विझवला होता.
म्हणून आचारी मोकळा होता.
कुन्हिरामन. त्याच्या हातात मास्क दिला.
चपात्या मोजाव्या तसे तो श्वास मोजत होता,
मोठ्याने, मल्याळीत.
जहाज डोलत होतं. तो चुकला नाही.
पोट माझ्या हातात होतं, मावशी.
माणूस त्याच्या.
परत आल्यावर अर्ज केला. दोन वर्षं केला.
शेवटी इथंच धाडलं, वानवडीला,
कुन्हिरामनचं काम शिकायला.

लाइट आले. त्यांचा हात फुग्यावरून सुटेना,
एकेक बोट मी सोडवलं.

परवा ते स्वतःच आडवे, आमच्याच टेबलावर. हर्निया.
मिशीखालून हसले. नव्या मॅडम त्यांच्याच हाताखालच्या,
सुई धरून म्हणाल्या, सर, पत्ता?
मला वाटलं, वानवडी म्हणतील.
म्हणाले, उत्तर चौदा अंश,
पूर्व...

तासाभराने मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
मी कधी कुणाला हात लावला नव्हता तिथं, डोक्याच्या बाजूला.
दोन बोटं टेकवली.
"डॉक्टर. पूर्व किती?"
पापण्या हलल्या. प्लास्टिकचा मास्क
आतून धुरकटला, निवळला, धुरकटला.
"कुन्हिरामन," ते म्हणाले,
"पुरे आता. काढ.
आणि चूल पेटव, पोरं उपाशी आहेत."