फोन ठेवू नका

विट्याच्या अलीकडे, दूध डेअरीच्या मागच्या खोलीत
दर शनिवारी साडेतीनला आमचा वर्ग भरतो.
धारा सहाला, तोवर बाया मोकळ्या असतात.
नासक्या दुधाचा वास, एक पंखा,
फॅटचे दर लिहिलेला फळा मी अर्धाच पुसते,
अर्धा डेअरीचा.

अकरा जणी. अकरा फोन, त्यातले चार
काचेला तडे गेलेले, पोरांनी वापरून सोडलेले.
जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी गलाईला:
सेलमला, त्रिचूरला, एकीचा तर पार सिलीगुडीत.
सोनं वितळवणारी ही माणसं दिसतात
रात्री नऊनंतर, वीतभर काचेत,
अडकत, थांबत, अर्धं वाक्य गिळून.
म्हणून फोन वाजला की या धावतात,
शेगडीवरचं उतू गेलं तरी.

हे त्या माणसालाही ठाऊक आहे
जो कुठून तरी बोलतो.

पहिले दोन शनिवार पिनवर गेले.
छबूताईंनी पिन लिहिलाय पिठाच्या डब्याच्या झाकणात,
"आतनं कोण बघतंय?"
रुक्साना मुलाणीनं माझ्यापेक्षा बरं सांगितलं:
"पैसं घ्यायला किल्ली लागत न्हाई, द्यायलाच लागती.
किल्ली मागितली की समजायचं."
मी ते फळ्यावर लिहिलं, म्हशीच्या दराखाली.

मदतीचा नंबर एकोणीसशे तीस.
हौसाबाईंच्या सासऱ्यांचं ते जन्मसाल निघालं.
"जित्तेपनी कधी उपेगी पडलं न्हाईत,
आता तरी पडतील."
हसता हसता वीज गेली.

आज म्हटलं, मी चोर होते,
तुम्ही फोन उचला.

शेवंता पुढे आली. मी पाठ फिरवली, घसा खाकरला.
"तुमचा मुलगा धैर्यशील आमच्या ताब्यात आहे.
चोरीचं सोनं गाळताना सापडलाय."
"ठेवा की आत. येळेवर जेवंल तरी."
सगळ्या खिदळल्या.
मी थांबले नाही.
"बाई, घाबरू नका. मी तुमच्या बाजूनं आहे."
मग जरा गप्प राहिले. मागे वायरलेसची खरखर असते,
ती तोंडानं काढली.
"घरात आणखी कोण आहे?
दार लावून घ्या. कुणाला सांगू नका.
फोन ठेवू नका.
ठेवलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.
पाणी प्या हवं तर. मी थांबतो."

हसू कुठं थांबलं, मला कळलं नाही.
दुपारीच बोलली होती शेवंता लेकाशी,
तरी तिच्या कपाळावर घाम,
आणि फोन कानापासून सुटेना.

हौसाबाई भिंतीला टेकून होत्या.
"मास्तरीणबाई," म्हणाल्या,
"पानी प्या म्हनतो,
ह्ये तुला कसं ठावं?"

डेअरीत कुणीतरी कॅन आपटला.

"किती गेलं?"

एकेचाळीस हजार.
दोन वर्षं झाली. घरी सांगितलं, दातांवर गेले.
तेव्हापासून डाव्या बाजूनं चावत नाही,
खोटं निभावं म्हणून,
आणि आता ती बाजू खरंच दुखते.
हे सगळं मी बोलले नाही.
आकडा तेवढा बोलले, फळ्याकडे बघत.

कुणी चुकचुकलं नाही.
कोपऱ्यातून एक आवाज आला,
"माझं साडेसहा. गॅसच्या सबशिडीपायी."
कुणाचा, ते मी वळून पाहिलं नाही.

हौसाबाई उठल्या, गुडघा धरून.
शेवंताच्या हातातला फोन काढून घेतला,
स्वतःच्या कानाला लावला, उलटा.
"हं," म्हणाल्या. "आता मला कर.
पान्यापासनं सुरू कर."